उसवलेले तासही लिही

म्हापसा

चि. बाय,

केरीत घरी बसून बटणांचं क्रोशाचं जॅकेट करणार आणि जमलं तर हरमलच्या दुकानात ठेवणार, हे वाचून फार बरं वाटलं. लोकर घेऊ नकोस, आपल्या दमट हवेत सुती दोराच अंगाला सोसतो. सगळा दोरा एकदम घे आणि लेबलवरचा लॉट नंबर एकच असू दे, नाहीतर रंगातला फरक उन्हात उठून दिसतो. आधी 10 सेंटिमीटरचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मग मोज. सुती वीण स्वतःच्या वजनाने खाली ओढली जाते, म्हणून लांबी जरा आखूड धर.

पाठ, पुढचे भाग, बाह्या तुला येतातच. खरं काम बटणपट्टीचं. बटणं आधी आण, मगच काजं. खांबाच्या प्रत्येक ओळीच्या कडेतून साधारण दोन मुके खांब उचल. जास्त झाले तर कड झालरीसारखी फुलते, कमी पडले तर वर खेचली जाते. अंगावर डावीकडे येणारी पट्टी आधी पुरी कर आणि बटणांच्या जागा रंगीत दोऱ्याने खुणाव. एक बटण छातीच्या भरलेल्या भागावर यायलाच हवं, तिथेच फट पडते. मग त्या खुणांसमोर उजव्या पट्टीत दोन टाके सोडून दोन साखळ्या घाल, पुढच्या ओळीत त्या भर. काज किंचित घट्टच ठेव, वापराने ते सैल होतं. पट्टी वाकडी गेली तर सगळी उसव, अर्धी नव्हे.

आणि तास वहीत लिही, उसवल्याचेसुद्धा, तेरेखोलच्या फेरीबोटीत विणलेलेसुद्धा. खरा क्रोशा यंत्रावर होत नाही. बाजारात तो कवडीमोलाने मिळतो तेव्हा कुणाच्या तरी हातांची मजुरी बुडालेली असते. आंध्रातल्या नरसापूरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणत आल्या. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी 1982 साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. दिवसाचे कित्येक तास विणूनही त्या गृहिणीच धरल्या जात, त्यांचं काम फावल्या वेळातलं मानलं जाई, आणि मजुरीही तशीच तुटपुंजी. दुकानदार ‘घरबसल्याच करतेस ना’ म्हणाला तर वही पुढे कर. दोरा-बटणांचे पैसे वेगळे सांग, तासांचे वेगळे. भाव पटला नाही तर जॅकेट आईला दे, त्याला नको.

डावी पट्टी झाली की फोटो पाठव, कड जवळून दिसेल असा.

तुझी,
मावशी