कमीपणा घेणे

आपल्या वाङ्मय मंडळाच्या बैठकीत बोलायला उभा राहणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी एक पायरी खाली उतरतो आणि मग तोंड उघडतो. ‘माझा या विषयाचा अभ्यास नाही’, ‘जाणकारांपुढे मी काय बोलणार’, ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ ही त्याची ठरलेली वाक्ये. माझे वाक्य जरा खटकेबाज होते. ‘मी आपला मंडळातला अधिकृत ढ!’ अशी मी सुरुवात करी. हशा होई, आणि पुढची दहा मिनिटे मला कोणी अडवीत नसे. जो स्वतःलाच ढ म्हणवतो त्याला आणखी काय म्हणणार? दोन वर्षे या वाक्याने मला छत्रीसारखी सोबत केली.

गेल्या वर्षी पावसाळ्यात प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मंडळात आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांवर निबंध वाचला. ओव्या अहिराणीतल्या. वही उघडताना ती म्हणाली, ‘माझं बोलणं शुद्ध नाही, सांभाळून घ्या.’ मी मागच्या बाकावरून ओरडलो, ‘या, या! आमच्या ढ मंडळींत आपलं स्वागत आहे!’ नेहमीसारखा हशा झाला. तिने पुढची पाने भराभर उलटली, निबंध अर्ध्यातच आवरला आणि खाली बसली. त्यानंतर ती मंडळात आली नाही.

आमचे सर तेव्हा काही बोलले नाहीत. नंतर जिन्यात गाठून म्हणाले, ‘तू स्वतःला ढ म्हणतोस तेव्हा इथे कोणी ते खरं मानत नाही, आणि हे तुला पक्कं ठाऊक असतं. तिला तशी खात्री कुठे होती?’ प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

मराठीत ‘कमीपणा घेणे’ आणि ‘कमी लेखणे’ असे दोन वाक्प्रचार आहेत. पहिल्यात माणूस स्वतःहून काही घेतो. म्हणजे घ्यायचे की नाही हे त्याच्या हाती असते. दुसऱ्यात लेखणारा बहुधा दुसराच कोणी असतो. पुष्कळ दिवस कोणी कमी लेखत राहिले की माणूस स्वतःही तसेच लेखू लागतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो विनय वाटतो. माझी चूक नेमकी इथे झाली.

आपल्या वाङ्मयात कमीपणा घेण्याची परंपरा जुनी आहे. संस्कृतात कालिदासाने रघुवंशाच्या आरंभी स्वतःला लहानशा तराफ्यावरून समुद्र ओलांडू पाहणारा आणि उंचावरच्या फळाकडे हात करणारा बुटका म्हटले आहे. पण याबाबतीत मला अधिक शिकवले ते ज्ञानेश्वरांनी. ज्ञानेश्वरी शके 1212 म्हणजे इ. स. 1290 मधली. पहिल्या अध्यायात ते आपल्या धाडसाला चोचीने सागर मोजू निघालेल्या टिटवीची उपमा देतात. मात्र सहाव्या अध्यायात तेच ज्ञानेश्वर आपली मराठी अमृतालाही पैजेत जिंकील अशी ग्वाही देतात. हा विरोध मला प्रथम कोड्यासारखा वाटला. आता वाटते की तो विरोध नाहीच. कमीपणा त्यांनी स्वतःकडे घेतला. हाती घेतलेल्या कामाला आणि भाषेला तो लागू दिला नाही. मी नेमके उलट करीत होतो. ‘मी ढ’ म्हणताना माझे बोलणेच मी हलके करून टाकीत असे, म्हणजे ते चुकले तरी जबाबदारी नको.

नवव्या अध्यायाचा आरंभही पाहण्यासारखा आहे. श्रोते सर्वज्ञ आहेत, त्यांच्यापुढे मी प्रौढी मिरवत नाही, असे सांगून ज्ञानेश्वर त्यांच्याकडे एकच गोष्ट मागतात, आणि तीही सलगीने: अवधान. सभेतला विनय वक्त्याने एकट्याने पाळायचा नसतो. वक्ता खाली उतरला तर श्रोत्यांनी कान पुढे करायचे असतात.

विनोदी वाङ्मयात हीच रीत वेगळ्या वेषात येते. चि. वि. जोशी (1892–1963) हे पाली भाषेचे अभ्यासक आणि बडोद्यातले प्राध्यापक. पण त्यांनी ज्याच्या तोंडून गोष्टी सांगितल्या तो चिमणराव मात्र भोळा, धांदरट, पदोपदी फजीत होणारा. विद्वान माणसाने प्रथमपुरुषी निवेदनासाठी असा माणूस निवडावा यातच त्यांची बुद्धिमत्ता दिसते. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे दिली, शेवटी पढतमूर्खांचीही दिली. तिथे बोट समोरच्याकडे आहे. चिमणराव ते बोट स्वतःकडे वळवतो, आणि वाचक हसता हसता आपलीच लक्षणे मोजू लागतो. (पढतमूर्खांचा समास वाचताना मलाही मोजावी लागली. आकडा इथे देत नाही.)

इथपर्यंत सगळे सोपे होते. अडचण आली ती चोखोबांपाशी.

चोखामेळ्यांचे जोहाराचे अभंग आपण अभ्यासक्रमात ‘विनम्र भक्ती’ या मथळ्याखाली शिकतो. पण जोहार हा महारांना गावातल्या वरिष्ठ जातींपुढे घालावा लागणारा नमस्कार होता. उष्ट्याची आशा धरून दाराशी उभा राहिलेला महार हे चोखोबांनी निवडलेले रूपक नव्हे. ती त्यांच्यावर लादलेली जागा होती, आणि त्याच जागेवरून ते देवाशी बोलले. पंढरपूरला त्यांची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारापाशी, पायरीजवळ आहे. त्या पायरीपलीकडे जायला दलितांना 1947 साल उजाडावे लागले. त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. डॉ. आंबेडकरांनी 1948 सालचा ‘द अन्टचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. पण त्यांच्या चळवळीत ‘जोहार’ मागे पडला आणि ‘जय भीम’ आला. संताला मान दिला, लादलेले लवणे नाकारले. हा भेद मला कोणत्याही टीकाग्रंथाइतका स्पष्ट वाटतो.

तुकोबांची गोष्ट आणखी निराळी. देवाने आपल्याला कुणबी केले ते बरेच झाले, नाहीतर दंभाने मेलो असतो, असे ते म्हणतात. हे वाक्य लवून म्हटलेले आहे खरे, पण ते ऐकून मान कोणाची खाली जाते ते पाहावे.

म्हणजे एकच वाक्य कोणाच्या तोंडी आहे आणि कोणापुढे बोलले आहे, यावर सारे अवलंबून आहे. शहरातल्या शाळेतून आलेल्या, वक्तृत्वात ढाल मिळवलेल्या मुलाने ‘मी ढ’ म्हणणे हा खेळ आहे. जिला पाचवीपासून ‘नीट बोल’ एवढेच ऐकवले गेले तिचे ‘माझं बोलणं शुद्ध नाही’ हा खेळ नाही. तिच्या वाक्याला माझ्या वाक्याच्या शेजारी बसवून मी दोन्ही एकाच भावाने विकली.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी तिला ग्रंथालयात गाठले. सवयीप्रमाणे आरंभ केला, ‘मी मूर्खच आहे, त्या दिवशी मी...’ तिने मला तिथेच थांबवले. म्हणाली, ‘ते राहू द्या. ओव्या कशा वाटल्या ते सांगा.’

मला सांगता येईना. हशा पिकवण्याच्या नादात मी तिचा निबंध ऐकलाच नव्हता. तसे मी कबूल केले, आणि या वेळी त्याला कोणतेही विशेषण लावले नाही. तिने पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. म्हणाली, ‘सोमवारी परत पाहिजे. आणि समासात शुद्धलेखन दुरुस्त करू नका.’