सायंकाळी मिटणारी पापणी : उतारवयातील मायस्थेनिया ग्रॅव्हिस

समजा, पांडेसऱ्यातील आपल्या दवाखान्यात सायंकाळी मिलमधून निवृत्त झालेले, सत्तरीचे एक खानदेशी आजोबा आले. डावी पापणी झुकलेली, एकाच्या दोन वस्तू दिसतात, चार घास चावले की जबडा थकतो, बोलता बोलता आवाज नाकात जातो. मधुमेह व रक्तदाब जुनेच. म्हणून अर्धांगवायूची शंका प्रथम येते. मात्र घरची मंडळी सांगतात, "महिनाभर असेच चालले आहे, सकाळी बरे असतात." निदान याच वाक्यात दडलेले असते.

मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतू व स्नायू यांच्या सांध्यावरील ॲसिटिलकोलिनच्या ग्राहकांवरच हल्ला करते. अमिताभ बच्चन यांना १९८४ च्या सुमारास हा विकार झाल्याने त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. तथापि हा केवळ तरुणांचा आजार नव्हे. पुरुषांत तो पन्नाशीनंतर अधिक आढळतो.

तपासणी सोपी आहे. रुग्णास एक मिनिट वर पाहावयास सांगावे. पापणी हळूहळू खाली येते. मिटल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवल्यावर ती २ मिलिमीटर वा अधिक उचलली गेल्यास शंका बळावते. बाहुली व संवेदना प्राकृत असतात. बाहुली विस्फारलेली असल्यास किंवा दुर्बलता अकस्मात आल्यास मात्र मेंदूच्या तातडीच्या विकाराचाच विचार प्रथम करावा.

प्रतिपिंडांची रक्तचाचणी सार्वदेहिक विकारात सुमारे ८५ टक्के, तर केवळ नेत्रांपुरत्या विकारात सुमारे निम्म्या रुग्णांतच सकारात्मक येते. म्हणून अहवाल नकारात्मक आला तरी शंका सोडू नये. मज्जातंतूंची विद्युत्‌चाचणी करवावी. निदान ठरल्यावर थायमस ग्रंथीच्या गाठीसाठी छातीचा सीटी स्कॅन आवश्यक असतो.

खरा धोका आपल्या लेखणीत आहे. ताप-खोकल्यासाठी सहज दिलेले जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन वा ॲझिथ्रोमायसिन, रक्तदाबासाठीचे बीटा ब्लॉकर किंवा शिरेतून दिलेले मॅग्नेशियम श्वसनाचे स्नायू दुर्बल करू शकते. अशा रुग्णास एका श्वासात अंक मोजावयास सांगावे. वीसपर्यंतही पोहोचत नसल्यास, वा गिळताना ठसका लागत असल्यास, कृत्रिम श्वसनाची सोय असलेल्या रुग्णालयात त्वरित पाठवावे. ऑक्सिजनची पातळी शेवटपर्यंत समाधानकारक दिसू शकते. तिच्यावर विसंबू नये.

पायरिडोस्टिग्मिन, स्टेरॉइड व ॲझाथायोप्रिन यांनी बहुतेक रुग्ण पुन्हा आपले व्यवहार सांभाळू लागतात. म्हणून 'वयोमानाने अशक्तपणा' असे लिहिण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : "आजोबा, सकाळी कसे असता?"