उंच कुंडीतली झाडे: निवड आणि निगा



गेल्या वर्षी वर्गाच्या कोपऱ्यात अरेका पाम आणला. मुलं खूश! पाणी घालायला रोज एकाची पाळी लावली. दीड महिन्यात झाड पिवळं पडून गेलं. एकीनं विचारलं, "बाई, रोज पाणी घातलं तरी कसं मेलं?"

त्याचं कारण असं. मातीच्या कणांमध्ये हवा असते. माती सतत ओली राहिली की त्या जागेत पाणी भरतं, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि ती कुजतात. चूक माझ्या वेळापत्रकाची होती.

निवडताना:
१. आधी उजेड बघा. खिडकीजवळ, कडक ऊन नसेल तिथे अरेका पाम किंवा रबराचं झाड ठेवा. उजेड कमी असेल तर स्नेक प्लांट.
२. लहान मुलं असतील तिथे डिफेनबेकिया नकोच. पान चावलं तर त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक टोचून तोंड, जीभ सुजते. रबराचा चीक हाताला लागू देऊ नका. स्नेक प्लांटचं पानही तोंडात जाऊ देऊ नका. अरेका पाम मात्र विषारी नाही.
३. कुंडी जड आणि तळाला भोक असलेली घ्या. हलकी कुंडी उंच झाडासकट कलंडते.

निगा राखताना:
बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी द्या. ताटलीत साठलेलं पाणी ओतून टाका. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पानं पुसा आणि कुंडी थोडी फिरवा, म्हणजे झाड एकाच बाजूला झुकणार नाही.

आता आमच्या वर्गात पाळी असते ती माती तपासण्याची. मुलं फळ्यावर 'ओली' किंवा 'कोरडी' लिहितात, मगच तांब्या उचलतात. घरीही करून बघा.