पाणी पाहून मासे

जालना

चि. बाळास,

तुझे पत्र पावले. दोन फुटी टाकीत निऑन टेट्रा, एंजल, गोल्डफिश आणि टायगर बार्ब यांची एकत्र वस्ती करण्याचा तुझा मनोदय वाचला. परंतु त्या यादीत पाण्याविषयी एक अक्षरही नाही, आणि माझ्या मते आरंभ तेथूनच व्हावयास हवा.

आपल्या जिल्ह्याची भूमी काळ्या बेसाल्टची. त्याच्या भेगांत मुरलेले पाणी चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार घेऊनच बोअरमधून वर येते, आणि अंबडच्या तुमच्या घरी हंड्याच्या तळाशी धरणारे पांढरे किटण हाच त्याचा दाखला होय. निऑन हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मृदू, आम्लधर्मी पाण्याचा रहिवासी. पैदाशीचे निऑन आपल्या पाण्यात जगतात हे दुकानदाराचे म्हणणे अंशतः खरे असले, तरी तग धरणे निराळे आणि नांदणे निराळे. याउलट, डासांच्या अळ्यांच्या बंदोबस्तासाठी आरोग्य खाते हौद-विहिरींत सोडते तो गप्पी, तसेच मॉली, प्लॅटी व स्वोर्डटेल हे पिले घालणारे मासे अशाच जड पाण्यात सुखाने वाढतात. त्यांना बाजारात मान कमी, ही बाजाराची चूक.

टाकीत मासे आणण्यापूर्वी चार ते सहा आठवडे फिल्टर चालू ठेवून त्यात चिमूटभर खाद्य कुजू दे. माशांच्या उत्सर्गातून व कुजणाऱ्या खाद्यातून निघणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग त्या मानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू तेवढ्या अवधीत फिल्टरच्या स्पंजात स्थिरावतात. आपल्याकडे ही तजवीज अधिकच अगत्याची. कारण सामू ७ वरून ८ वर गेला, की अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दसपट होतो, आणि उन्हाळ्याची उष्णता त्यात भर घालते. तो स्पंज नळाखाली कधीही धुऊ नकोस. ब्लीचिंग पावडरचा क्लोरीन त्या साऱ्या वस्तीचा निकाल लावील. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलके पिळावा.

मे महिन्यात पारा बेचाळिशीपलीकडे जातो, तेव्हा पाण्यातील प्राणवायू घटतो. त्यात वीज गेली तर हवेचा पंपही थांबतो. थंड पाण्याचा आणि अतोनात घाण करणारा गोल्डफिश म्हणूनच यादीतून बेदखल करावा. उन्हाने पाणी आटते, पण क्षार मागेच राहतात. नुसती भर घालत गेल्यास पाणी अधिकाधिक जड होत जाते, यास्तव दर आठवड्यास चतुर्थांश पाणी काढून, एक दिवस उघडे ठेवलेले ताजे पाणी घालावे. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा अपव्यय वाटेल. म्हणून काढलेले पाणी परसातील झाडांना घालीत जा, त्यातील नायट्रेट त्यांना खतच आहे.

सहवासाचा प्रश्न यानंतरचा. टायगर बार्ब एंजलचे लांब पर कुरतडतो, मोठा झालेला एंजल निऑन गिळतो, आणि दोन नर फायटर एकत्र ठेवणे तर फौजदारीच. मॉली-प्लॅटींत भांडणे थोडी. मात्र एका नरामागे दोन-तीन माद्या ठेव, नाहीतर नर त्यांचा पिच्छा पुरवितात. पिलांची संख्या मात्र झपाट्याने वाढते, हे आधीच सांगून ठेवतो.

पुढील पंधरवड्यात मी अंबडास येईन तेव्हा सामू व अमोनिया तपासण्याचे साहित्य सोबत आणीन. तोवर खरेदी तहकूब ठेवावी. ताईस नमस्कार सांग.

तुझा,
मामा