नेमणूक, शिफारस आणि निवड

१८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना एक उणीव जाणवली : ज्यांच्यासाठी कायदे करावयाचे, त्यांचे मनोगत जाणून घेण्याचे साधन सरकारजवळ नव्हते. म्हणून १८६१ च्या कायद्याने गव्हर्नर-जनरलच्या मंडळात कायदे करण्यापुरते ६ ते १२ जादा सभासद नेमण्याची तरतूद झाली. त्यांपैकी निदान निम्मे बिनसरकारी असावयाचे. १८६२ मध्ये नेमलेले पहिले तीन हिंदी सभासद म्हणजे पतियाळाचे महाराज, बनारसचे राजा देवनारायण सिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण दिनकरराव राजवाडे. सरकारनेच नेमलेली अशी प्रतिष्ठित मंडळी रयतेची गाऱ्हाणी कितपत मांडणार, हा प्रश्नच होता.

१८९२ च्या कायद्यात ‘निवडणूक’ हा शब्द कटाक्षाने टाळलेला आहे. नगरपालिका, जिल्हा बोर्डे, विद्यापीठे, व्यापारी मंडळे यांनी नावे सुचवावीत व सरकारने नेमणूक करावी, अशी व्यवस्था ठरली. परंतु सुचविलेली नावे सहसा स्वीकारली जात. त्यामुळे शिफारशीलाच निवडणुकीचे स्वरूप आले. याच मार्गाने १८९५ मध्ये टिळक मुंबईच्या कायदेमंडळात गेले. पुढे गोखले केंद्रीय कायदेमंडळात पोहोचले आणि जनता दरिद्री असताना तिजोरीत शिल्लक उरविणाऱ्या करपद्धतीवर त्यांनी १९०२ मध्ये कठोर टीका केली. अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार मात्र सभासदांना नव्हता.

१९०९ मध्ये निवडणुकीचे तत्त्व उघडपणे मान्य झाले. त्याबरोबरच मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघही आले. सभासद निवडण्याचा अधिकार थोडाफार लोकांकडे आला, तरी ‘लोक’ कोणास म्हणावे, हे ठरविण्याचा अधिकार सरकारने आपल्याच हाती ठेवला.