ओळ कुठे तोडावी?

२००३च्या सुमारास एका पतसंस्थेसाठी मी व्हीबी सिक्समध्ये काउंटरचा प्रोग्रॅम लिहिला. व्याज, हप्ते, दिवसअखेर, सगळं पैशापैशाला जुळलं. बोलणी खाल्ली ती स्क्रीनवर मध्येच उगवणाऱ्या मेसेजच्या चौकटींपायी. त्या बोलण्यांतून शिकलो ते असं.

१. स्पेसबारने ओळ तुटत नाही.
दुसरं वाक्य खाली जावं म्हणून मी मोजून चाळीसेक स्पेस मारल्या. माझ्या मशिनवर झकास दिसलं. संस्थेच्या मशिनवर फॉन्ट वेगळा, त्यामुळे वाक्याचं शेपूट भलतीकडेच लोंबत राहिलं. ओळ तोडायची तर खुणेनेच तोडावी.

२. प्रत्येक ठिकाणची खूण वेगळी.
व्हीबीत दोन वाक्यांच्या मध्ये ‘व्हीबीसीआरएलएफ’ हा तयार शब्द जोडायचा. जावास्क्रिप्टच्या अलर्टमध्ये अवतरणचिन्हांच्या आतच बॅकस्लॅश आणि एन लिहायचं. ‘बीआर’ टॅग चालतो तो एचटीएमएलच्या पानात. पुढे प्रोग्रॅम ब्राउझरवर नेला तेव्हा मी तो टॅग अलर्टमध्ये घातला आणि तो कंसासकट जसाच्या तसा दिसला. कॅशियर मॅडमचा फोन आला, “सर, हे बीआर म्हणजे कुठली ब्रँच?”

३. सीआर-एलएफ समजत नसेल तर टाइपरायटर आठवा.
ओळ संपली की डाव्या हाताने दांडी ढकलायची. रूळ फिरून कागद एक ओळ वर सरकायचा आणि कॅरेज ओळीच्या सुरुवातीला यायचं. टेलिप्रिंटरने या एका ढकलण्याचे दोन हुकूम केले: कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. आस्की कोडमध्ये त्यांचे क्रमांक १३ आणि १०. विंडोजने दोन्ही ठेवले, युनिक्स-लिनक्सने फक्त १०. म्हणून लिनक्स सर्व्हरवरून आलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडली की सगळा मजकूर सलग दिसायचा. नोटपॅडने हे दुखणं दूर केलं ते थेट २०१८मध्ये.

४. एक बॅकस्लॅश वाटेतच गिळला जातो.
पीएचपीतून जावास्क्रिप्ट छापताना दुहेरी अवतरणातला बॅकस्लॅश-एन पीएचपीच वाचते आणि तिथे खरोखरीची ओळ तोडते. जावास्क्रिप्टला अवतरण अर्ध्यावर सुटलेलं दिसतं आणि तो अख्खा स्क्रिप्ट चालतच नाही. मेसेज तर नाहीच, बटणही मुकं. मी दीड दिवस बटणात दोष शोधला. इलाज एवढाच: बॅकस्लॅश दोनदा लिहायचा.

५. लिपीची अडचण असेल तिथे ओळी जास्तच जपा.
व्हीबी सिक्सच्या मेसेज बॉक्समध्ये देवनागरी लिहिली की प्रश्नचिन्हांची रांग उमटते. हा बॉक्स विंडोजच्या जुन्या कोड पेजवर चालतो आणि देवनागरीला तसं कोड पेजच नाही. म्हणून आम्ही रोमन अक्षरांत मराठी लिहायचो. ती वाचताना डोळा आधीच अडखळतो, त्यात मजकूर सलग असला तर कोणी वाचतच नाही.

६. कुठे तोडायची, ते काउंटरवर बसून ठरवा.
खातेदाराच्या नावावर थकीत कर्ज असेल तर पैसे देण्याआधी मेसेज यायचा. त्यात खाते क्रमांक, थकबाकी, नियम आणि शेवटी “तरीही रक्कम द्यायची का?” हे सगळं एकाच गठ्ठ्यात होतं. एक तारखेच्या गर्दीत मॅडमनी ‘यस’ दाबलं, पैसे गेले. संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. त्यांची नजर पहिल्या ओळीवर जायची, तोवर हात माउसवर गेलेला असायचा. चूक त्यांची नव्हती.

मग मेसेज बदलला. पहिल्या ओळीत अडचण, दुसरीत थकबाकीची रक्कम, मग एक कोरी ओळ आणि खाली एकटा प्रश्न. शिवाय नुसतं एंटर दाबलं तर ‘नो’ लागेल अशी सोय केली.

व्हीबीच्या मेसेज बॉक्समध्ये साधारण १०२४ अक्षरं मावतात. काउंटरवर चार ओळींच्या पुढचं कोणी वाचत नाही.