शटर बदलायला बसण्याआधी

अगं सोनू, आजोबांच्या आग्फा आयसोलेट टूचं शटर नि लेन्स बदलायला निघालीयस, तर आधी माझं थोडं ऐक. फोकसची रिंग फिरत नाही म्हणजे लेन्स गेली असं नाही गं. या कॅमेऱ्यांत आट्यांना लावलेलं हिरवट ग्रीस वर्षानुवर्षं सुकून गोंदासारखं घट्ट होतं. लायटरमध्ये भरायच्या पेट्रोलचे एक-दोन थेंब आट्यांत सोड, मुरू दे. त्या वेळी आसपास निरांजनसुद्धा नको. आणि पक्कड अजिबात लावू नकोस. जोर लावला की पुढची काच तिच्यामागच्या काचेसकट फिरते आणि फोकसचं सगळं गणित चुकतं.

काचेला बुरशीने खरंच खाल्लं असेल, शटरची पाती गंजली असतील, तर बदल. पण सुटी लेन्स आणू नकोस. लेन्स आणि शटर जोडीनेच घे, तेही याच मॉडेलचं. त्यातही एक मेख आहे. आयसोलेट टूवर आग्नार आणि आपोटार या लेन्स ८५ मिलिमीटरच्या, सोलिनार मात्र ७५ची. सोलिनार चार काचांची, देखणं चित्र देणारी. मन तिच्यावरच जाणार. पण तुझ्या कॅमेऱ्याचा भाता उघडून जिथे थांबतो ते अंतर ८५साठी आहे. तिथे ७५ बसवलीस तर दूरचं काहीच स्पष्ट येणार नाही, रिंग कितीही फिरव.

काढताना मागचं दार उघड. भात्याच्या आत, लेन्सच्या मागे दोन खाचांची चकती दिसेल, तिच्यावरच सगळं पेललेलं असतं. तिला दोन टोकांचा लेन्सचा पान्हाच लाव. कात्रीचं टोक घसरलं की भाता फाटलाच म्हणून समज. खाली पातळ वॉशर निघाले तर जपून ठेव, तसेच परत घालायचेत. नव्या शटरच्या पाठीवर बारीक खुंटी असते, ती पुढच्या पत्र्याच्या भोकात नीट बसू दे. नाहीतर शटर गोल फिरतं आणि वरचं बटण त्याच्या खटक्यापर्यंत पोचतच नाही.

मग इन्फिनिटी. ही पायरी टाळू नकोस, माझी शपथ आहे. फिल्म जिथून सरकते त्या पट्ट्यांवर दुधी चिकटपट्टी ताणून लाव, शटर बी वर उघडं धर, ॲपर्चर पूर्ण मोकळं कर. तुमच्या गच्चीवरून सिंहगडाचे टॉवर दिसतात ना, तेच बघ, भिंगातून. रिंगवरचे तीन चिमुकले स्क्रू सैल करून पुढची काच अगदी थोडी थोडी फिरव. उलटे टॉवर रेखीव झाले की रिंग इन्फिनिटीच्या खुणेवर आणून स्क्रू घट्ट कर. या कामाला घाई चालत नाही, संध्याकाळचा मोकळा वेळ काढ.

आणि हो, शटर बाहेर काढलेलं असेल तेव्हाच अंधाऱ्या खोलीत भात्यात टॉर्च धरून कोपरे बघ. आयसोलेटच्या भात्याला तिथेच सुईएवढी भोकं पडतात. दिसली तर नवं शटर बसवूच नकोस. आधी भाता बदलून घे, कारण त्यासाठी ते पुन्हा काढावंच लागेल.